सही कोणाची?

मंडळी, आम्हा कन्सल्टंट लोकांचं आयुष्य म्हणजे सूटकेस आणि सह्या! पण गेल्या वर्षी पुण्याहून आईचा फोन आला आणि एका सहीसाठी हात उचलेना.

माझी धाकटी बहीण, आमची छकुली, डाउन सिंड्रोम घेऊन जन्मली. "तिच्या पाळीचं सगळं आता माझ्याच्याने होत नाही रे," आई म्हणाली. डॉक्टरांनी गर्भाशय काढून टाकायला सुचवलं होतं. बाबा गेल्यापासून असल्या कागदांवर सही माझी.

मला १९९४ साल आठवलं. मी नववीत होतो. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण हेच, पाळीची स्वच्छता. स्त्री संघटना आणि अपंगांसाठी झटणारे कार्यकर्ते एकत्र आले आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. बाबांनी ती बातमी दोनदा वाचली आणि पेपर मुकाट्याने घडी करून ठेवला.

पुढे एम.एस.साठी मी इथे नॉर्थ कॅरोलिनात आलो. रॅलेच्या मॅकडॉवेल स्ट्रीटवर एक पाटी आहे. या राज्याच्या युजेनिक्स बोर्डाच्या काळात ७,६०० हून अधिक लोकांची नसबंदी झाली. त्यांत गरीब, कृष्णवर्णीय आणि 'मंदबुद्धी' ठरवलेले कितीतरी. एलेन रिडिक १९६८ साली १४ वर्षांची होती. बलात्कारातून झालेल्या बाळंतपणातच तिची नसबंदी उरकली. संमतिपत्रावर निरक्षर आजीची फुली होती. राज्याने भरपाईसाठी १ कोटी डॉलर्स मंजूर केले ते २०१३ साली.

१९९४ सालीच शिकागोत काही कृष्णवर्णीय स्त्रियांनी 'रिप्रॉडक्टिव्ह जस्टिस' हा शब्द घडवला. मूल हवं की नको हे ठरवण्याचा आणि झालेलं मूल सुरक्षित वाढवण्याचा हक्क, असा त्याचा अर्थ. शिरूर कुठे, शिकागो कुठे! प्रश्न मात्र एकच, सही कोणाची?

भारताच्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानुसार, जिच्या शरीरावर अशी शस्त्रक्रिया व्हायची तिचीच संमती लागते. पण अमेरिकेत बसून कायदा सांगणं सोपं आहे. रात्री उठते ती आई. म्हणून सहा आठवड्यांची रजा काढून गेलो. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी औषधं देऊन पाहू म्हटलं. मदतीला एक बाई ठेवली. आणि इतक्या वर्षांत प्रथमच छकुलीला समजेल असं सगळं सांगून विचारलं.

"दादा, पोट माझंय ना?" ती म्हणाली.

आई पदराने डोळे पुसत उठली आणि चहा टाकायला गेली. तो कागद अजून कोराच आहे.