रिकाम्या डब्याची फेरी

गडी ठेवताना आपण त्याची चालचलणूक विचारतो, पगार विचारतो. पण तो कशाकशाचे पैसे मोजून घेणार, हे विचारायचे राहून जाते. यंदा आमच्या घरी असाच एक गडी ठेवण्याचा प्रश्न निघाला. फरक इतकाच, की हा गडी यंत्रातला होता.

मोठ्या वहिनी फराळाच्या ऑर्डरी घेतात. दादा गेल्यापासून घराचा बराचसा खर्च त्या चकल्या-अनारशांवर चालतो. दिवाळीच्या महिन्यात तीनेकशे ऑर्डरी गूगलच्या अर्जावर येतात आणि आपोआप तक्त्यात उतरतात. पुढे गिऱ्हाइकाला ईमेलने पोच आणि डबे पोचवणाऱ्या मुलाला निरोप, एवढ्यासाठी वहिनी रात्री अकरापर्यंत फोन घेऊन बसत. पुतण्या म्हणाला, हे काम यंत्राला सांगू. कोड लिहावा लागत नाही. पडद्यावर चौकोन मांडून रेघांनी जोडले की झाले. हिशेबाचे काम अर्थातच माझ्याकडे आले.

नावे तीन निघाली. अमेरिकेत २०११ साली निघालेले झॅपिअर. प्रागचे मेक, ज्याचे नाव २०२२ पर्यंत इंटिग्रोमॅट होते. आणि बर्लिनचे एन-एट-एन, २०१९ चे. मला या तीन खानावळीच वाटू लागल्या. झॅपिअर वाढलेल्या प्रत्येक पदार्थाचे पैसे लावते: पोच एक, निरोप एक, म्हणजे तीनशे ऑर्डरींचे ६००. ऑर्डर आली का, हे पाहण्याचे काही घेत नाही. पण दर चढा. एन-एट-एन अख्खे ताट मोजते, पदार्थ कितीही असोत. शिवाय ते आपल्या संगणकावर फुकट मांडता येते. पण घरची चूल म्हटली की राख काढणेही आले, आणि राख काढणारा पुतण्या राहतो बंगळुरात. ऐन धनत्रयोदशीला चूल विझली तर?

राहिले मेक. महिन्याला हजार एकके फुकट! मी खूश झालो. मग कळले, की तक्त्यात नुसते डोकावण्याचेही ते एक एकक घेते, आत काही सापडो न सापडो. दर पंधरा मिनिटांनी डोकावले तर दिवसाला ९६, महिन्याला २,८८०. रिकामा डबा उघडून पाहण्याची ही मजुरी!

वहिनी भाजणी चाळत ऐकत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, दर पंधरा मिनिटांना मी कुठे घाणा काढते? चारदा पाहिले तरी पुष्कळ झाले." चार त्रिक बारा, म्हणजे १२०, वर पोच आणि निरोप ६००. एकूण ७२०. हजारांत बसले!

"आणि मुलाला निरोप मीच देईन," त्या पुढे म्हणाल्या. "ऑर्डर मला वाचायची असते." पुतण्या चिडला, मग यंत्र कशाला? वहिनींनी कारण सांगितले. गेल्या वर्षी नेहमी दोन किलो अनारसे नेणाऱ्या एका बाईंनी पावच किलो मागितले होते. वहिनींनी फोन केला, तेव्हा यजमानांचे पथ्य समजले. त्यांच्यासाठी मग बिनसाखरेचा चिवडा वेगळा बांधून गेला. मला वहिनींचे म्हणणे पटले. पोच लिहिणे हे कंटाळ्याचे काम होते. वाचणे त्यांना कधीच जड झाले नव्हते. निरोप वगळून आकडा ४२० वर आला.

मेक ठरले. शेवटच्या आठवड्यात गर्दी म्हणून तेवढे दिवस दर तासाला पाहायचे, असे पुतण्याने मांडले. वहिनींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले.

"रात्री बारा ते पाच कशाला पाठवतोस रे त्याला?"

त्याने मुकाट्याने ते पाच तास वगळले.