सूर्य फुकट आहे, विहिरीतलं पाणी नाही



गेल्या पंधरा दिवसांत चार-पाच शेतकऱ्यांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच. सौर पंप घ्यावा का, आणि किती एचपीचा घ्यावा? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथंच लिहितो.

घ्या, जरूर घ्या. रात्रीच्या लाईटीवर ज्यांनी कांदा भिजवलाय त्यांना दिवसाच्या विजेचं मोल सांगायला नको. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं, दारं धरताना पायाखाली साप आहे का बघायचं आणि उसाच्या कडेला बिबट्याचं भ्या. दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची मागणी किती वर्षांची आहे. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तिचे पहिले दोन प्रयोग आपल्या राळेगणसिद्धीत आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीत ठरले. आता मागेल त्याला सौर कृषी पंप आहे. दहा टक्के पैसे आपण भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के. हे चांगलंच झालं.

पण एक गोष्ट बघा. या योजनेत पंप जमिनीवर ठरतो. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्याच्या पुढं ७.५. सातबारा विचारतात. विहिरीत पाणी किती, ते आपलं आपणच विचारायचं.

आता माझ्या ५ एचपीचा हिशोब सांगतो. दोनशे लिटरचं बॅरल पाईपखाली ठेवलं, मोबाईलवर वेळ लावली. ५० सेकंदात भरलं. म्हणजे तासाला १४,४०० लिटर. चांगल्या उन्हात सहा तास धरले तर दिवसाला ८६,४०० लिटर. शंभर दिवस पंप चालला तर ८६ लाख लिटर झाले.

आता जमेची बाजू. आपल्याकडं पाऊस साधारण ४५० मिलिमीटर धरू. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. ४५० मिलिमीटरला १८ लाख लिटर. यातलं बरंचसं उडून जातं, काही पीक पितं, काही वाहून जातं. आपल्या काळ्या पाषाणात दहावा हिस्सा मुरला असं धरलं तर एकरी १ लाख ८० हजार लिटर.

८६ लाखाला १ लाख ८० हजारानं भागा. जवळपास ४८ येतात. म्हणजे माझा एक पंप शंभर दिवसांत ४८ एकरात मुरलेलं पाणी उपसतो. माझ्याकडं ४८ एकर रान नाही. मग ते पाणी कुणाचं?

आमच्या नाल्याच्या कडेला सहा विहिरी आहेत. यावर बोलायला आम्ही बसलो तेव्हा एक जण म्हणाला, "ऊन माझं, पंप माझा, विहीर माझी. तुमचं काय जातं?" बोलणं चुकीचं वाटत नाही. पण खडकातल्या पाण्याला बांध नसतो. वरच्यानं उपसलं की खालच्याची विहीर उतरते.

आणि हे पाणी आलं कुठून, तेही आठवावं. १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव रोजगारासाठी बाहेर जात होतं, दारूच्या भट्ट्या चालत होत्या. १९७५ ला अण्णा हजारे फौजेतून गावी आले. गळका पाझर तलाव लोकांनी श्रमदानानं दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिलं. ते डोळ्यांनी दिसलं म्हणून लोक पुढच्या कामाला आले. नालाबंडिंग, समतल चर, झाडं. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळताना शेळ्या-मेंढ्यावाल्यांनी जास्त सोसलं, ज्यांना विहीरच नव्हती त्यांनीही खोरं-पाटी उचलली. त्या पाण्यात त्यांचा घाम आहे. सौर दिवे, गोबरगॅस, पवनचक्की हेही राळेगणात तेव्हाच आलं, पण मागोमाग. पहिलं पाणी आणि त्याचे नियम.

पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत काढली, त्यात पाणी जमिनीवर नाही तर माणशी वाटलं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात. शेतीला बोअर बंद. दोन्ही ठिकाणी नियम लोकांनी स्वतःवर घालून घेतले.

आधी विजेचं बिल आणि लोडशेडिंग हा एक लगाम होता. नकोसा होता, पण होता. आता सौरला बिल नाही आणि ७.५ एचपीपर्यंत महावितरणच्या पंपालाही माफी आहे. लगाम सुटला. तो आता आपल्याच हातात धरायचा आहे.

आम्ही सहा जणांनी ठरवलंय ते असं :

१. दिवाळी, संक्रांत, होळी, तीन वेळा दोरी टाकून पातळी मोजायची आणि वहीत लिहायची. यंदा माझ्या विहिरीला काठापासून पाणी अनुक्रमे १८, २६ आणि ३७ फुटांवर होतं. विहीर ५० फुटांची.

२. दिवाळीच्या पातळीवर कांद्याचं क्षेत्र ठरवायचं. कमी असेल तर ज्वारी, हरभरा.

३. होळीनंतर पाणी फक्त जनावरं, चारा आणि फळझाडांना. तेही ठिबकवर.

४. नवा पंप घेणाऱ्यानं विहीर झेपेल तेवढाच मागायचा. पात्रतेपेक्षा कमी एचपीचा मागता येतो.

५. पंप बंद असताना ऊन वाया जातंय म्हणून जीव तळमळतो. काही कंट्रोलरवर कडबाकुट्टी, पिठाची चक्की चालते. पुरवठादाराला आधी विचारून घ्या.

तो "विहीर माझी" म्हणणारा अजून वहीवर सही करत नाही. पण होळीला दोरी टाकायला आला होता. त्याच्या विहिरीत चार फूट पाणी होतं. आम्ही कुणी काही बोललो नाही, आकडा लिहिला. चार वाजता त्यानं स्वतःच स्टार्टर बंद केला.

कृषी सहायक आणि अभ्यासक मंडळींना एक विनंती. पंपाच्या अर्जाबरोबर विहिरीच्या पातळीचा एक रकाना असावा, हे वर कळवा. आणि शेतकरी मित्रांनो, या आठवड्यात दोरी आणि बॅरल घेऊन आपापल्या विहिरीवर जा. आकडे लिहून ठेवा. एचपीचं मग बोलू.