वास घेतलेलें फूल

देवाच्या फुलांचा वास घेऊं नये, हा नियम लहानपणीं ज्याच्या कानांवर पडला नाहीं असा वाचक विरळाच. आमच्या घरीं तो इतका कडक पाळला जाई कीं, परडी घेऊन येतांना आम्ही ती नाकापासून हातभर दूर धरीत असूं, आणि तरीहि मातोश्री दारांतच विचारीत, "हुंगलीं नाहींस ना रे?" पारिजातकाचें आम्हांस त्यामुळें मोठें नवल वाटे. दुसरें कोणतेंहि फूल भुईवर पडलें कीं देवाच्या कामांतून बाद होई; हीं मात्र भुईवरूनच वेंचावयाचीं. ह्या शिस्तीचा परिणाम असा झाला कीं, दहाव्या वर्षीं आम्हांस वीस-पंचवीस फुलांचीं नांवें आणि कोणतें फूल कोणत्या देवास चालतें हें मुखोद्गत होतें. परंतु त्यांतल्या एकाहि फुलाशीं जवळची अशी ओळख नव्हती.

एकदां ती करून घेण्याचा यत्न केला. शाळेंत चित्रकलेच्या तासास लाल जास्वंद काढावयाची होती. रंग संपला म्हणून आम्हीं फुलाची पाकळीच कागदावर घासली, तों लाल न उमटतां जांभळा डाग उमटला. आनंदाच्या भरांत सगळें चित्र तसेंच रंगविलें. गुरुजींनीं त्यावर फुली मारली आणि "जांभळी जास्वंद कोणीं पाहिली आहे?" असें भर वर्गांत विचारलें. आम्हीं पाहिली होती. पण तसें सांगण्याचें धैर्य झालें नाहीं. पुढें पस्तीस वर्षें आम्हींहि शिक्षकाचाच पेशा केला. तसल्या किती फुल्या आमच्या हातून मारल्या गेल्या असतील, त्याचा हिशेब न काढलेलाच बरा.

२०२१ सालच्या एप्रिलांत करोनाच्या दुसऱ्या लाटेनें आम्हांस गांठलें. पंधरा दिवसांनीं ताप गेला, खोकला गेला आणि त्यांच्याबरोबर वासहि गेला. डॉक्टर म्हणाले, अनेकांचें असेंच झालें आहे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ नेमानें घेत जा, कदाचित् परत येईल. दोन महिने आम्हीं त्या कुप्या हुंगल्या आणि कंटाळून ठेवून दिल्या. जेथें माणसांचे श्वासच थांबले तेथें वासाची तक्रार कोणाजवळ करावयाची? कुप्या पडून राहिल्याचें कोणीं विचारलें तेव्हां, "आतां बरें आहे," असें आम्हीं ठोकून दिलें. फोडणी करपली तरी कळत नसे, चहास चव नसे. पण 'छान आहे' एवढे दोन शब्द सगळीकडे पुरत.

शाळा बंद असल्यामुळें आमचीं दोन्ही नातवंडें, नऊ वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात, दिवसभर आमच्या हवालीं होतीं. भाद्रपदांतल्या एका सकाळीं नात ओंजळ झांकून आली. "आजोबा, डोळे मिटा, आणि वास ओळखा." पहिल्यानें हातास ओलसर लागलें तेव्हां अंदाजानें 'पारिजातक' म्हणालों. "कसा आहे?" "छान." "छान म्हणजे कसा?" ह्याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. मग दुसरें फूल नाकापाशीं आलें. आम्ही पुनः म्हणालों, "वा! छान."

"आजोबा, ही आबोली आहे. हिला वासच नसतो!"

नातू खदखदून हंसला. ती हंसली नाहीं. "तुम्हांला येतच नाहीं ना?" असें तिनें हळूच विचारलें. पलीकडे फुलवाती करीत बसलेल्या आमच्या कुटुंबाचे हात थांबले.

दुसऱ्या दिवसापासून घरांत दोन परड्या झाल्या. ही व्यवस्था कुटुंबानेंच केली: "ही देवाची, आणि ही तुमच्या आजोबांच्या नाकाची." जन्मभर जिनें हुंगलेलें फूल देवघराच्या उंबऱ्याआंत येऊं दिलें नाहीं, तिचें हें बोलणें आम्हांस डॉक्टरांच्या औषधाहून अधिक लागू पडलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मग रोज सकाळीं मुलांनीं वास घ्यावयाचा आणि आम्हांस सांगावयाचा, असा क्रम सुरू झाला. 'छान' हा शब्द नातीनें बंद केला. सोनचाफा म्हणजे 'शेजारच्या घरांत फणस फोडला आहे'. झेंडू म्हणजे 'दसरा, पण थोडा औषधासारखा'. पारिजातक म्हणजे 'गार लादीवर गाल ठेवल्यासारखा'. आमच्या पस्तीस वर्षांच्या निबंधांच्या वह्यांत असें एकहि वाक्य आम्हांस मिळालें नव्हतें. पण तीं मागावयाचीं असतात हेंच आम्हांस कोठें ठाऊक होतें?

नाकापासून गोष्ट हातांवर गेली. पारिजातकाचें फूल इतकें नाजूक, आणि पान मात्र खरकागदासारखें! तेरड्याची पिकलेली शेंग चिमटींत धरली कीं टचकन् फुटून बिया उडत. त्या आवाजासाठीं नातवानें कुंडींतला सगळा तेरडा रिकामा केला. झेंडूची एकेक पाकळी उपटतां उपटतां त्यास आढळलें कीं, तें एक फूल नसून बारीक फुलांचा मेळा आहे. गुलबक्षी उमलतांना पाहावयाची म्हणून दोघें चार वाजतां पायरीवर जाऊन बसत. जिभेच्या बाबतींत मात्र आम्हीं कडक राहिलों. कण्हेर आणि धोतरा हीं विषारी आहेत. म्हणून स्वयंपाकघरांतून जें येईल तेंच तोंडांत घालावयाचें, असें ठरलें. तेथून हादग्याच्या फुलांची भाजी आली आणि तिचा कडवटपणा दोघांनींहि एकमतानें नापसंत केला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालवाडी काढली, तेव्हां पानें, फुलें, बिया, शंख हींच मुलांची साधनें केलीं, हें आम्हीं वाचलें होतें; त्यावर परीक्षेंत प्रश्नहि घातले होते. असो.

एके दिवशीं नात कागदावर जास्वंद घासूं लागली. तोच जांभळा डाग! "अग, जास्वंद अशी..." एवढे शब्द आमच्या तोंडून गेलेहि, उरलेले कसेबसे गिळले. सरबतासाठीं चिरलेल्या लिंबाचा थेंब त्यावर पडला, तों डाग तांबूस झाला. मग आम्हींच उठून खाण्याचा सोडा पाण्यांत कालवला. त्यानें तो हिरवट झाला. गोकर्णाचें निळें पाणी लिंबानें गुलाबी-जांभळें होतें, हेंहि त्याच दुपारीं पाहिलें. पारिजातकाच्या केशरी देठांचा रंग काढून एक रुमाल रंगविला. पूर्वीं रेशमी वस्त्रांस हा रंग देत असत. रात्रीं आम्हीं मुलांस आमच्या त्या फुलीची हकीकत सांगितली. नातवानें विचारलें, "मग तुम्ही गुरुजींना घासून कां नाहीं दाखवली?" आम्हीं दिवा मालवला.

पुढें नात वासांचींच चित्रें काढूं लागली. त्यांत फूल नसे, नुसते रंग. बकुळीचें चित्र म्हणजे एकांत एक तपकिरी वळीं. बकुळ सुकली तरी तिचा वास राहतो, म्हणून तिनें एक सर आजीच्या कपाटांत ठेवला होता. त्या हिवाळ्यांत एकदां तो काढून तिनें संवयीनें आमच्या नाकापाशीं धरला, आणि आंत कांहीं तरी हललें. ती बकुळ नव्हती. वास वेडावांकडा, कडू असा कांहीं होता. पण होता.

"कसा आहे?"

"जळक्या दुधासारखा," आम्हीं खरें तें सांगितलें.

तिनें राखी रंग कालवावयास घेतला आणि कुंचला थांबवून विचारलें, "आजोबा, करपलेलें दूध, कीं उतू गेलेलें?"