पायाखालची जमीन

बासी ईदेला सगळ्यांनी मिळून बाहेर जायचं, ही आमच्या घरातली जुनी रीत. ईदेचा पहिला दिवस नमाज, कबरस्तान, नातेवाईक आणि शीरखुर्म्याचा. दुसरा दिवस पोराबाळांचा. माझे अब्बा महाडला एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्या काळी बासी ईदेला ते आम्हाला लाल गाडीने कधी पाचाडला, कधी मुरूडला न्यायचे. आता आम्ही पनवेलला राहतो आणि पोरांना मुरूडचा किनारा पुरत नाही. म्हणून काही वर्षांपूर्वीच्या बासी ईदेला आम्ही खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेलो. मी, बायको, चौदा वर्षांची लेक आणि सत्तरी ओलांडलेले अब्बा.

लेकीला एकाच गोष्टीत बसायचं होतं, 'नायट्रो'मध्ये. एक्स्प्रेसवे सोडून पालीच्या रस्त्याला लागल्यावर ती लांबूनच लोखंडी कमानी शोधत होती. ही रोलर कोस्टर 2013 साली सुरू झाली. उंची साधारण 40 मीटर, वेग ताशी 100 किलोमीटरच्या आसपास, आणि वाटेत पाच वेळा माणूस उलटा होतो. तिचं खरं वैशिष्ट्य मात्र वेगळं आहे. तिला तळ नाही. पाय टेकायला फळी नाही, समोर आडोसा नाही. एका ओळीत चौघं बसतात, पाय हवेत लोंबतात आणि त्यांच्याखालून रूळ पळतात. स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबियार्ड या कंपनीने अशी पहिली रोलर कोस्टर 1999 साली अमेरिकेत न्यू जर्सीला उभी केली, तिचं नाव मेड्युसा. नायट्रोही त्याच कंपनीची. ही सगळी माहिती लेकीने मला रात्री जेवताना सांगितली होती. तिच्या मोबाइलवर त्याचे इतके व्हिडिओ होते की न बसताच मला घेरी आली होती.

पण त्या दिवशी तिच्या मनात भीती होती ती वेगाची नव्हती. त्या वर्षीच ती स्कार्फ बांधायला लागली होती. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. तिची आई ओढणी डोक्यावर घेते तेवढंच. पोरीने स्वतः ठरवलं आणि बांधला. गाडीत बसताना ती हळूच म्हणाली, "अब्बू, स्कार्फ काढायला लावला तर मी नाही बसणार. आणि तुम्ही तिथे भांडायचं नाही."

हे दुसरं वाक्य माझ्यासाठी होतं, आणि त्याला कारण होतं. महिनाभरापूर्वी आम्ही एक घर पसंत केलं होतं. दोन खोल्या, हॉल, तिच्या शाळेपासून चालत दहा मिनिटं. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, चावी कधी घ्यायची तेही ठरलं. लेकीने तर आपल्या खोलीत टेबल कुठे ठेवायचं याचं चित्र काढून ठेवलं होतं. करारासाठी आधार कार्डाच्या प्रती पाठवल्या आणि संध्याकाळी एजंटचा फोन आला. "सर, मालकाचं काही नाही हो, पण सोसायटीचा प्रॉब्लेम आहे." हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल, मी त्याचा अर्थ समजावत बसत नाही. मी एजंटला जे बोललो ते लेकीने ऐकलं. फोन ठेवल्यावर तिने मला एकच विचारलं, "अब्बू, त्यांनी आपल्याला एकदा बघितलं तरी होतं का?"

पायाखालची जमीन सरकली असं आपण मराठीत सहज म्हणून जातो. त्या संध्याकाळी मला ते अक्षरशः कळलं. घर गेल्याचं दुःख चार दिवसांचं असतं. पण पोरीच्या प्रश्नाला उत्तर नसणं ही वेगळी गोष्ट आहे.

रांग मोठी होती. निम्मी रांग आमच्यासारखीच, बासी ईदेची. नवे कुर्ते, मेंदीचे हात, अत्तराचा वास. निम्मी रांग पुण्या-मुंबईच्या कॉलेजच्या पोरांची. गाडी डोक्यावरून गेली की सगळ्यांची मान एकाच वेळी वर जायची आणि सगळे एकाच सुरात ओरडायचे.

अब्बा बसणार नव्हते, पण रांगेत सोबत आले होते. ते माणसांकडे पाहत नव्हते, चाकांकडे पाहत होते. गाडी वळणावर आली की ते लेकीला बोटाने दाखवायचे. "नीट बघ. चाकं तीन बाजूंनी आहेत. एक रुळाच्या वर, ते वजन घेतं. एक बाजूला, ते वळणात धरून ठेवतं. आणि एक रुळाच्या खालून. गाडी वर उचलली जायला लागली की ते खालचं चाक तिला सोडत नाही. रूळ तिन्ही बाजूंनी मुठीत धरलाय." आयुष्यभर एसटीच्या नटांवर हातोडी मारून आवाज ऐकलेला माणूस तो. त्यांनी मला विचारलं, "हिला इंजिन कुठाय?" मी म्हटलं, इंजिन नाहीच. साखळी तिला फक्त पहिल्या चढावर ओढून नेते, पुढचं सगळं उतारावर. म्हणून पहिला चढ सगळ्यांत उंच. पुढचा प्रत्येक चढ त्याहून कमी, कारण घर्षणात आणि हवेत थोडी थोडी ताकद जातच असते. अब्बांना ते पटलं. "म्हणजे न्यूट्रलवर घाट उतरायचा. एसटीत असा उतरलास तर सस्पेंड," ते म्हणाले.

मी हसलो, पण माझं लक्ष रांगेच्या तोंडाशी होतं. तिथे एक मुलगी गणवेशात उभी होती आणि प्रत्येकाला काहीतरी सांगत होती. मला उगाचच 2011 सालची एक बातमी आठवत होती. न्यूयॉर्क राज्यात राय नावाच्या गावात प्लेलँड हा जुना पार्क आहे. त्या वर्षी ईदेच्या दिवशी, 30 ऑगस्टला, तिथे मोठ्या संख्येने मुस्लिम कुटुंबं आली होती. काही राइडवर डोक्याला काहीही बांधून बसायचं नाही असा तिथला नियम. हिजाब घातलेल्या बायकांना थांबवलं गेलं, बाचाबाची झाली, धक्काबुक्की झाली, पोलीस आले आणि 15 जणांना अटक झाली. नियम सुरक्षेसाठी आहे आणि आयोजकांना तो आधीच सांगितला होता, असं पार्कचं म्हणणं. आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही, असं आलेल्या लोकांचं म्हणणं. ईदेच्या दिवशी नवे कपडे घालून आलेली पोरं आईबापांना पोलिसांसोबत जाताना बघत उभी राहिली असतील, हे माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

तो नियम खोटा होता असं मी म्हणणार नाही. सैल कापड आणि फिरतं चाक यांचं वैर आपल्याला चांगलं माहीत आहे. आपल्या मोटारसायकलींच्या मागच्या चाकाला साडीगार्ड उगाच नसतो. गो-कार्टच्या चाकात ओढणी किंवा केस अडकून जीव गेल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. पण ज्याला घर नाकारताना 'नियम आहे' असं सांगितलं गेलेलं असतं, त्याला खरा नियमही आधी बहाणाच वाटतो. खोट्या नियमांचं हे सगळ्यांत मोठं नुकसान. ते खऱ्या नियमांवरचा विश्वासही खाऊन टाकतात.

आमचा नंबर आला. त्या मुलीने लेकीकडे पाहिलं. माझा जबडा आपोआप आवळला. ती म्हणाली, "ताई, स्कार्फची टोकं आत खोचून घे. पिन असेल तर काढून दे, वरचा हार्नेस तिथेच दाबतो, टोचेल. मागे आडोशाला उभं राहून नीट करून ये, मी थांबते." एवढंच. लेक आईला घेऊन मागे गेली, टोकं टॉपच्या आत खोचली, पिन आईच्या पर्समध्ये टाकली.

तोवर ती मुलगी रांगेतल्या पुढच्या माणसांकडे वळली होती. एका वहिनींना म्हणाली, "मॅडम, मंगळसूत्र आत घ्या, ओढणी काढून बॅगेत." एका पोराची टोपी काढायला लावली. एका काकांचा चष्मा काढून ठेवला. माझ्या चपला काढायला लावल्या आणि खिशातला मोबाइल, किल्ल्या, सगळं. मी अनवाणी उभा होतो. माझ्या शेजारी गळ्यात रुद्राक्षाची माळ घातलेला एक तरुण होता. त्यानेही माळ शर्टाच्या आत घेतली, तोही अनवाणी. कुणालाच नाव विचारलं गेलं नाही. प्रत्येकाच्या अंगावर जे सैल होतं तेवढंच पाहिलं गेलं.

आम्ही बसलो. वरून जाड हार्नेस खाली आला, त्याची पट्टी खाली सीटला अडकवली. एक मुलगा ओळीने आला, प्रत्येकाचा हार्नेस त्याने दोन्ही हातांनी वर ओढून पाहिला. माझा ओढला, लेकीचा ओढला, माळेवाल्याचा ओढला. मग अंगठा वर केला. आणि सगळे हार्नेस बंद असल्याची खात्री झाल्यावरच खालची फळी निघाली. ज्या फळीवरून आम्ही चालत आलो होतो ती खाली सरकली आणि पाय हवेत राहिले. लेकीने माझा हात घट्ट धरला. खरं सांगायचं तर मी तिचा धरला.

पुढचा दीडेक मिनिट मी फारसा पाहू शकलो नाही. साखळीची खटखट आठवते. माथ्यावर क्षणभर सह्याद्रीच्या हिरव्या कडा दिसल्या. मग पोट गळ्यात आलं. पहिल्या लूपमध्ये आकाश पायांखाली होतं. लेकीने आधी सांगितलं होतं की हा लूप पूर्ण गोल नसतो, पाण्याच्या थेंबासारखा वर निमुळता असतो. गोल ठेवला तर तळाशी शरीरावर फार दाब येतो. ते बरोबर असेल. मला तेव्हा फक्त आयतुल कुर्सी आठवत होती, तीही अर्धीच. शेजारचा तरुण "आई गं" म्हणत होता. लेक मात्र हसत होती, मोठ्याने, महिनाभरात पहिल्यांदा.

गाडी ब्रेक लागून स्टेशनात आली. मी उठायला अधीर झालो होतो, हार्नेसला धक्का देत होतो. तो हलेना. आधी खालून फळी वर आली. तळव्यांना ती लागली, थंड आणि टणक. आणि मगच कुलूप सुटलं.

हा क्रम मला त्यानंतर अनेकदा आठवला आहे. जमीन काढून घ्यायची असेल तर आधी माणसाला धरून ठेवायचं. सोडायचं असेल तर आधी जमीन परत द्यायची. भीती वाटते, वाटणारच. पण त्या भीतीत अपमान नसतो, कारण सगळ्यांचेच पाय लोंबत असतात आणि सगळ्यांनाच धरलेलं असतं. आम्हाला घर नाकारलं तेव्हा भीती नव्हती, फक्त फळी निघाली होती. कुणी हार्नेस ओढून पाहिला नव्हता. शेजारच्यांचे पाय जमिनीवरच होते.

एका राइडने काही बदलत नाही, हे मलाही कळतं. त्या मुलीने तिचं रोजचं काम केलं, बस. पण लेकीच्या त्या प्रश्नाला मी महिनाभर जे उत्तर शोधत होतो त्याचा एक तुकडा मला तिथे मिळाला. मी तिला इतकंच म्हणू शकलो, "इथे त्यांनी तुला बघितलं. नीट बघितलं." ती म्हणाली, "हो. आणि पिन टोचेल म्हणून सांगितलं."

अब्बा कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी आमची गाडी नजरेने सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोजत आणली होती. बाहेर पडताना ते त्या मुलीपाशी थांबले. "बेटा, सकाळी पहिली फेरी रिकामी सोडता ना?"

"हो काका, रोज. रिकामी फिरवून, तपासून मगच माणसं."

"मग बरोबर," अब्बा म्हणाले. त्यांच्याकडून कुणाला मिळणारं हे सगळ्यांत मोठं सर्टिफिकेट.

पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून आम्ही कालचा शीरखुर्मा खाल्ला. लेकीने आरशात बघून स्कार्फची टोकं बाहेर काढली आणि आईकडे हात पसरून पिन मागितली. निघण्याआधी अब्बांनी नेहमीसारखे चारही चाकांचे नट वाकून पाहिले.