मोरसच्या मुलखातले लग्न

जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘मोरस साखर’ हा शब्द असे. सणावाराला किंवा पाहुणे आले म्हणजे ही पांढरीशुभ्र साखर डब्यातून निघायची. एरवी घरात गूळ. मोरस म्हणजे मॉरिशस हे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होते. त्या उसाच्या रानातले दगड वेचणारे हात आपल्या देशातले, आणि त्यांतले काही आपल्या कोकणातले होते, हे तर त्याहूनही थोड्यांना. अशा या देशात जाण्याचा योग आम्हांला एका लग्नामुळे आला.

माझी थोरली बहीण आक्का. तिचा मुलगा मॉरिशसमधील एका हॉटेलात नोकरीला आहे. त्याने तिथल्याच एका मराठी घरातली, शाळेत शिकवणारी मुलगी पसंत केली. आक्काने होकार दिला खरा. पण मनात रुखरुख होती. “पोरगी चांगली आहे रे, पण यांचे गाव कोणते? कूळ कोणते? भावकी कुठे आहे? उद्या कुणी विचारले तर मी काय सांगू?” आपल्याकडे सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न हाच असतो, तेव्हा तिचे चुकत होते असे म्हणवत नाही.

मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला. आक्का, भाऊजी, आमची सौ., दोन्ही मुले आणि मी असे निघालो. आक्काने पिशवीत नारळ, विड्याची पाने, आंब्याचे डहाळे आणि ओल्या हळदीचे कंद भरले होते. ते सारे मी मुंबईतच काढून ठेवायला लावले. त्या देशात परवान्याशिवाय रोप, बियाणे, ताजे फळ किंवा भाजी नेता येत नाही. बेट लहान. बाहेरून एखादी कीड किंवा रोग शिरला, तर साऱ्या देशाचे पीक धोक्यात. आक्का रुसली. पण मुंबईहून सहा तासांच्या विमानप्रवासानंतर आम्ही उतरलो आणि मुलीच्या घरी पोहोचलो, तर परसात आंब्याचे झाड फळांनी लगडलेले! तो देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून आपल्या हिवाळ्यात तिथे उन्हाळा. मार्गशीर्षात आंबे, लिची आणि रस्त्याकडेला फुललेला गुलमोहर पाहून आक्काचा रुसवा गेला.

देशाचा आकार साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा, लोकसंख्या बारा-तेरा लाख. जमीन ज्वालामुखीच्या दगडाची. उसाच्या रानात जागोजागी काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात. आज हे काम यंत्रे करतात. पण जुने ढीग मजुरांनी हाताने वेचून रचलेले आहेत. या बेटावर चक्रीवादळे येतात. १९६० च्या फेब्रुवारीतील ‘कॅरोल’ वादळाने हजारो घरे झोपवली. ऊस मात्र वाऱ्याने लोळला तरी पुन्हा उठतो, म्हणून हेच पीक इथे टिकले. एका लागणीवर सहा-सात वर्षे खोडवे घेतात, उसाच्या ओळींमध्ये बटाटा लावतात, आणि कारखान्यात उसाच्या चिपाडावर वीज तयार करतात. युरोपकडून मिळणारा साखरेचा हमीभाव २००६ नंतर कमी होत गेला, तशी लहान शेतकऱ्यांची काही राने पडीक पडली. एके काळी बेटावर शेकडो साखर कारखाने होते, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. रानात नुसत्या दगडी चिमण्या उभ्या आहेत.

मुलीचे घर बेटाच्या पश्चिमेला, कोरडवाहू भागात. या बाजूस मराठी कुटुंबे बरीच आहेत. दारात मांडव पडला होता. शेजारणी विळ्या-सुऱ्या घेऊन भोपळे आणि फणस चिरत बसल्या होत्या, त्यांत मराठी, बिहारी, तमिळ अशा सगळ्या होत्या. बोलणे चालले होते क्रिओल भाषेत. ही फ्रेंचवरून झालेली तिथली घरोघरची बोली. “आज साफ्रान आहे” असे एकीने सांगितले. आमच्या सौ. ना वाटले केशर, निघाली हळद! तिथे हळदीलाच साफ्रान म्हणतात. पण नवरीला हळद लावायला मुलीची आजी पुढे आली, तेव्हा तिच्या तोंडी ‘हळद’च होती. आजी एरवी क्रिओल बोलते. मात्र हळद, अक्षता, मंगळसूत्र, अंतरपाट, निवद हे शब्द तिने सोडलेले नाहीत. आक्काला तिने हाताला धरून बसवले आणि म्हणाली, “या, बसा. पाणी घ्या.” एवढेच मराठी; पण आक्काचे डोळे भरून आले.

रात्री जेवणे झाल्यावर आजोबांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जुन्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. त्यांतल्या नोंदीची ती नक्कल. मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जहाज, जिल्हा आणि गाव. त्या माणसाचे नाव हेच पुढे या घराचे आडनाव झाले होते. तिथे पुष्कळांचे असेच झाले आहे. जिल्हा ‘रत्नागिरी’ स्पष्ट होता. गावाचे नाव मात्र गोऱ्या कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिलेले. त्यावरून कोकणातली तीन-चार गावे निघू शकतील. आजोबांनी मुलीकरवी विचारले, “तुम्ही शेतीखात्यातले, गावोगाव हिंडलेले. हे गाव अजून आहे का?”

मी काही वर्षे मालवण-देवगड भागात नोकरी केली आहे. मी उलट विचारले, घरात निवद दाखवताना कोणत्या देवाचे नाव घेता? आजी चटकन म्हणाली, “रवळनाथ.” रवळनाथ हा तळकोकणातला ग्रामदेव. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात मालवण, देवगड, वेंगुर्ले हे भागही होते; सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली. तेव्हा हे घर बहुधा तिकडचे, असे मी सांगितले. गाव नक्की सांगता आले नाही. पण आजोबांनी रवळनाथाचे नाव त्या कागदावर जिल्ह्याच्या खाली लिहून घेतले. आक्का थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “देव ठाऊक आहे म्हणजे घर बेवारशी नाही. गाव सापडेपर्यंत आमचे गाव हेच तिचे गाव.” मुलीने ते आजोबांना क्रिओलमध्ये सांगितले. म्हातारा उठला आणि आक्काच्या पाया पडू लागला. तिने त्याला मध्येच अडवले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागले. नवरदेवाचा मामा म्हणून मी त्याच्या पाठीशी उभा होतो. मध्ये अंतरपाट धरला, मंगलाष्टके झाली. भटजी तिथलेच, उच्चार थोडे निराळे, पण क्रम आपलाच. मुलीकडचे गोत्र विचारले तेव्हा ‘काश्यप’ सांगितले गेले. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचे काश्यप, ही सोय आपल्या जुन्या लोकांनीच करून ठेवली आहे. जेवण केळीच्या पानावर: पुऱ्या आणि सात भाज्या. त्याला ‘सेत कारी’ म्हणजे सात कालवणे म्हणतात.

परतण्याआधी नव्या जोडप्याने आम्हांला पोर्ट लुईचा आप्रवासी घाट दाखवला. १८३४ पासून सुमारे पाच लाख मजूर हिंदुस्थानातून या बेटावर आले. २००६ साली या घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला. करार पाच वर्षांचा, गड्याला पगार महिना पाच रुपये. एक दिवस खाडा पडला तर दोन दिवसांची मजुरी कापत. पुष्कळजण परत गेलेच नाहीत. दगडी पायऱ्यांपाशी आक्का नव्या सुनेचा हात धरून बराच वेळ उभी होती.

आता एक विनंती. अशी कुटुंबे अधूनमधून कागद घेऊन कोकणात येतात. नाव इंग्रजीत मोडलेले असते, भाषा कळत नाही, आणि गावकरी ‘असे इथे कुणी नाही’ म्हणून मोकळे होतात. तसे करू नका. त्यांना ग्रामदेवतेचे नाव विचारा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा, देवळातल्या मानाच्या घरांची यादी काढा, शेजारच्या गावातही चौकशी करा. एखाद्या घराण्याची ‘परदेशी गेला तो गेलाच’ अशी तुटलेली फांदी आपल्या गावातही असेल. आमच्या सुनेच्या गावाची चौकशी मी जुन्या ओळखीच्या तलाठ्यांकडे आणि गुरवांकडे चालू ठेवली आहे. तीन गावे पाहायची आहेत, येत्या शिमग्यात पहिल्या गावाला जाणार आहोत. सूनही बरोबर येईल.