आमच्या गेटमधून गेलेलं पाणी

आज जरा लांब लिहितोय. बरेच दिवस टाळत होतो, कारण यात दुसऱ्याला बोल लावण्याआधी स्वतःचं नाव घ्यावं लागतंय.

मागच्या महिन्यातली ती रात्र आपल्या भागात सगळ्यांना आठवत असेल. रात्री साडेबाराला सुरू झाला आणि दोनच्या सुमारास थांबला. ढगफुटी वगैरे काही नव्हती. माझ्या गच्चीवर रंगाचा एक रिकामा, सरळ काठाचा डबा उघडा राहिला होता. सकाळी त्यात पट्टी घातली तर 2 इंच, म्हणजे साधारण 50 मिलिमीटर पाणी. आपल्याकडे दर पावसाळ्यात असा एखाददुसरा पाऊस होतोच. तरीही खालच्या वस्तीत ओढ्याकाठच्या घरांत गुडघाभर पाणी शिरलं.

तिथे शिवणकाम करणाऱ्या एक ताई राहतात. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांचे ब्लाऊज आणि पडद्यांची कामं त्यांच्याकडे असतात. त्यांची दोन मशीन पाण्यात गेली. शाळेच्या गणवेशाचं कापड जमिनीवर गठ्ठ्यात होतं, तेही भिजलं. सकाळी मी चौकशी करायला गेलो, म्हणजे खरं तर फोटो काढून इथे पोस्ट टाकायला गेलो होतो. वर डोंगरउतारावर नवा लेआऊट पडलाय, त्याच्यावर खापर फोडायचं मनात ठरवूनच गेलो होतो. ताई खराट्याने गाळ ओढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दादा, वरचं पाणी मागनं आलं. पहिलं पाणी तुमच्या गेटमधनं आलं."

मी काही बोललो नाही. घरी आलो आणि छत्री घेऊन सोसायटीच्या आवारात उभा राहिलो. पुन्हा सर आली होती. तिन्ही इमारतींचे गच्चीवरून उतरणारे डाऊनटेक पाईप थेट पेव्हर ब्लॉकवर सुटतात. पेव्हरला उतार गेटकडे, गेटबाहेर सिमेंटचा रस्ता, रस्त्याला उतार वस्तीकडे. मधे माती म्हणून कुठे नाही. पाण्याला दुसरी वाटच ठेवलेली नाही आम्ही.

आता कबुली. सोसायटी बांधली तेव्हा मंजूर नकाशात आवाराच्या दोन कोपऱ्यांत पुनर्भरणाचे दोन खड्डे होते. ते खरंच बांधलेही होते. 2016 च्या वार्षिक सभेत तक्रार आली की तिथे डास होतात, चिखल होतो आणि दोन गाड्यांची जागा अडते. ठराव झाला, खड्डे बुजवून पेव्हर टाकले. तेव्हा सेक्रेटरी मी होतो. ठरावाखाली सही माझी आहे. पाणी जिरवतो म्हणून मालमत्ता करात मिळणारी सवलत मात्र आम्ही आजतागायत घेतोय. खड्डे बंद, सवलत चालू.

थोडा हिशोब मांडतो, कंटाळू नका. आमचा प्लॉट एक एकराचा, म्हणजे 4,000 चौरस मीटरच्या आसपास. त्यावर 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे 2 लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे वीस टँकर. इथे शेत होतं तेव्हा पहिल्या तासा-दीड तासात त्यातलं तिसरा हिस्सा वाहून जात असेल तर पुष्कळ. बाकीचं माती पीत होती, उरलेलं बांधाला अडत होतं. आता छप्पर, सिमेंट आणि पेव्हर मिळून दहापैकी नऊ भाग वाहतात. म्हणजे पूर्वीचे सहा-सात टँकर जाऊन आता अठरा. शिवाय पूर्वीचं पाणी रमतगमत दोन-तीन तासांत ओढ्यात जायचं, आताचं सगळं एकदम जातं. पूर येतो तो या घाईमुळे. त्यात आमच्यासारख्या आठ सोसायट्या या उतारावर आहेत.

आता वरच्या लेआऊटबद्दल. ती नऊ एकर जमीन म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची शेतं होती. जुनी माणसं त्या बांधांना ताली म्हणतात. डोंगरावरून येणारं पाणी एकेका तालीला थांबत, मुरत, सांडत खाली यायचं. काम सुरू झालं तेव्हा जेसीबीने पहिल्या आठवड्यात काय केलं असेल, तर सगळ्या ताली सपाट केल्या. कुठल्याही परवानगीच्या कागदात ताल हा शब्द नसतो, त्यामुळे ती मोडली याची नोंदही कुठे होत नाही. माझ्या मते ओढ्यावरच्या अतिक्रमणापेक्षा हे नुकसान मोठं आहे, पण ते दिसत नाही म्हणून त्यावर बातमी होत नाही.

ओढा मात्र दिसतो. गावनकाशात आहे, काठाला करंज आणि उंबर होते. काम सुरू होण्याआधी वस्तीतल्या पोरांनी आणि मी एकदा टेप लावून मोजला होता, 12 फूट रुंद, 6 फूट खोल. म्हणजे पाणी जायला 72 चौरस फुटांचं तोंड. आता तिथे 900 मिलिमीटरचे दोन पाईप टाकून वर भराव केलाय. दोन्ही पाईपांची तोंडं मिळून होतात 14 चौरस फूट. पाचवा हिस्सा. त्या रात्री एका पाईपाच्या तोंडाशी थर्माकोल, बाटल्या आणि एक अख्खी गादी अडकली होती, म्हणजे प्रत्यक्षात दहावा हिस्साच धरा.

साइटवरचे इंजिनिअर सभ्य आहेत. त्यांनी नकाशा काढून दाखवला, पाईप मंजूर आहेत म्हणाले. असतीलही. राज्यात डिसेंबर 2020 पासून एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर सगळीकडे तीच. ओढ्या-नाल्यासारख्या छोट्या प्रवाहाच्या काठापासून 9 मीटर आणि नदीसारख्या मोठ्या प्रवाहापासून 15 मीटर सोडा, असं ती सांगते. पण त्याच नियमाला पुढे एक 'परंतु' आहे. सखल जमिनीतून वाहणाऱ्या, नीट काठ नसलेल्या छोट्या प्रवाहाला ठरवून दिलेल्या मार्गाने आणि मापाने वळवायची परवानगी देता येते. आपल्या ओढ्याला काठ होते, नीट होते, आम्ही मोजले होते. त्यामुळे माझा प्रश्न साधा आहे: पाईपाचं माप कुठल्या पावसाच्या हिशोबाने ठरलं, तो कागद दाखवा.

दुसरा नियम आपल्या सगळ्यांना लागू होणारा. 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर नवीन बांधकाम असेल तर पावसाचं पाणी साठवायची किंवा मुरवायची सोय सक्तीची. नुसती बांधून भागत नाही, ती चालू ठेवावी लागते. नाही ठेवली तर दर 100 चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला 1,000 रुपयांपर्यंत आकारणी करता येते. आमचं बांधकाम 4,000 चौरस मीटर आहे. हे आम्हाला लावलं तर वर्षाला 40,000 रुपये होतात. मी अजून एकाही सोसायटीला अशी पावती आलेली पाहिली नाही. तुम्ही पाहिली असेल तर कमेंटमध्ये टाका, मला खरंच आनंद होईल.

आणि खड्डा चालू ठेवला तरी सगळं भागतं असं नाही. आपल्याकडे खाली काळा कातळ. थोडा मुरूम लागतो, मग दगड. तासाभरात 2 लाख लिटर त्यात मुरणार नाही, हे इंजिनिअर म्हणतात ते बरोबरच आहे. पण मग मुरत नसेल तर धरून ठेवा ना. पार्किंगखाली टाकी, तिला बाहेर जायला लहान तोंडाचा पाईप. पाऊस जोरात असेल तेव्हा टाकी भरते, नंतर तीन-चार तासांत सावकाश रिकामी होते. यात काही अवघड तंत्र नाही, पूर्वी ताल हेच करत होती. सिंगापूरने जानेवारी 2014 पासून 0.2 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या विकासाला हे सक्तीचं केलंय. पावसाच्या भरात पडणाऱ्या पाण्याच्या जास्तीत जास्त 55 टक्के वेगाने पाणी बाहेर सोडायचं, बाकी तुमच्या हद्दीत थोपवायचं. 0.2 हेक्टर म्हणजे फक्त अर्धा एकर. आपल्या नियमांचा भर पाणी वाचवण्यावर आहे, कारण ते टंचाईच्या काळजीतून आलेत. खालच्या माणसाच्या घरात पाणी जाऊ नये ही काळजी त्यात शेवटून पहिली.

कुणी म्हणेल, खालची गटारं मोठी करा. करायलाच हवीत. पण 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडल्यावर मुंबईने तासाला 25 ऐवजी 50 मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा नाल्यांचं काम हातात घेतलं. ज्या अहवालावर ते आधारलं होतं तो 1993 चा. इतक्या वर्षांत किती कोटी गेले आणि हिंदमाताला अजून काय होतं, ते आपण दर जूनमध्ये टीव्हीवर बघतो. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याच्या काठी काय झालं तेही बघितलंय. माणसं गेली. त्यातली काही ओढ्याकाठच्या भिंतीच्या आडोशाने राहणारीच होती.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी एक वाक्य फिरत होतं: "ते ओढ्यात राहतात, पाणी येणारच." काही पत्र्याच्या शेड ओढ्याला खेटून आहेत, हे नाकारत नाही. पण ताईंच्या ओळीतली घरं आमच्या सोसायटीच्या आधीपासूनची आहेत. त्यांच्याकडे आधी पाणी येत नव्हतं. ओढा त्यांच्याकडे सरकला नाही, आम्ही ओढ्याचं पाणी वाढवलं.

गेल्या रविवारी विशेष सभा घेतली. एक खड्डा उकरून बघितला तर आत गाळ, विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. दोन्ही खड्डे साफ करायचे, डाऊनटेक तिकडे वळवायचे आणि पन्नास हजार लिटरची टाकी बसवायची, असा ठराव मांडला. 19 विरुद्ध 14 ने पास झाला. ज्या दोघांचं पार्किंग जाणार ते सध्या माझ्याशी बोलत नाहीत. त्यातले एक माझे सख्खे साडू आहेत. करातली सवलत परत करायला गेलो तर खिडकीवरचे साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, असा फॉर्मच नाही. अर्ज साध्या कागदावर लिहून पोच घेऊन आलोय.

वरच्या लेआऊटबद्दल सोमवारी सकाळी 11 वाजता निवेदन द्यायला जातोय. मागण्या तीनच. पाईपाच्या मापामागचा हिशोब जाहीर करा. भोगवटा पत्र देण्याआधी पाणी थोपवायची टाकी प्रत्यक्ष भरून, सोडून दाखवा. आणि आमच्यासकट या उतारावरच्या सगळ्या आठ सोसायट्यांचे खड्डे तपासा. तिसरी मागणी घातली म्हणून दोन चेअरमननी सही करायला नकार दिला, तेव्हा सह्या कमी पडताहेत. वस्तीतल्या 31 जणांनी केल्यात.

त्या रात्री साडेबारा ते दोनच्या मधला व्हिडिओ कुणाकडे असेल, विशेषतः पाईपाच्या तोंडाचा किंवा आमच्या गेटचा, तर मला पाठवा. आमच्या गेटचा असला तरी पाठवा. ताईंचं एक मशीन सुरू झालंय, दुसऱ्याची मोटर जळालीय. गणवेशांची मुदत 15 तारखेची आहे, कुणाकडे चालू स्थितीतलं मशीन पडून असेल तर महिनाभरासाठी हवंय.