खाट आणि फळा

(तृतीय वर्ष कला)

आपल्या महाविद्यालयातून निघून औरंगपुऱ्यातली पुस्तकांची दुकाने मागे टाकली, की पायी वीसेक मिनिटांत घाटी येते. आपण कला शाखेची मंडळी तिकडे सहसा जातो ती कुणाचा तरी डबा पोचवायला. पण तेही एक महाविद्यालयच आहे. १९५६ साली, म्हणजे मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला त्याच वर्षी, ते तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू झाले. १९९८ मध्ये नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होईपर्यंत तर ते आणि आपण एकाच विद्यापीठाची लेकरे होतो. फरक इतकाच, की आपल्या वर्गात फळा असतो. त्यांच्या वर्गात खाट असते, आणि खाटेवर माणूस असतो.

हा ‘इतकाच’ फरक केवढा मोठा आहे, ते मला गेल्या वर्षी नऊ दिवसांत समजले. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, हयातभर मोंढ्यात पोती वाहत आले. जांघेत गाठ होती. आडवे झाले की आत जायची, उभे राहिले की बाहेर यायची. नानांनी ती पाळलेल्या मांजरासारखी सांभाळली होती. एका संध्याकाळी ती आत जाईना. दगडासारखी कडक झाली, पोट फुगले, उलट्या लागल्या. अंतर्गळात आतडे अडकले होते. अशा वेळी आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते काळे पडू शकते. रात्रीच आम्ही घाटी गाठली.

काकूंचा पहिला प्रश्न होता, “ह्यांचा डॉक्टर कोण?” खेड्यातून आलेला प्रत्येक जण हाच प्रश्न विचारत असावा. उत्तर मात्र नावाने मिळत नाही, आकड्याने मिळते. आज ज्या युनिटची इमर्जन्सी, त्या युनिटचा रुग्ण.

शल्यचिकित्सा विभाग हा एक मोठा वाडा मानला, तर युनिटे ही त्यातली बिऱ्हाडे. विभागप्रमुख हे वाड्यातले वडीलधारे. पण प्रत्येक बिऱ्हाडाचा कर्ता वेगळा, प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक. त्यांच्या हाताखाली सहायक प्राध्यापक, ज्यांना जुनी माणसे अजून लेक्चररच म्हणतात. मग वरिष्ठ निवासी डॉक्टर, मग एम. एस. करणारे तीन वर्षांचे कनिष्ठ निवासी, त्यांच्याखाली वर्षभराचे इंटर्न आणि शेवटी वह्या घेऊन उभे असलेले एम. बी. बी. एस.चे विद्यार्थी. प्रत्येक बिऱ्हाडाच्या खाटा ठरलेल्या, आणि वारही ठरलेले : बाह्यरुग्ण विभागाचा एक, शस्त्रक्रियेचा एक, इमर्जन्सीचा एक. ज्याच्या वारी रुग्ण आला, त्याचा तो घरी जाईपर्यंत. पुढे टाके दाखवायला यायचे तेही त्याच युनिटच्या वारी. त्यामुळे केसपेपरवर नानांच्या नावाइतकेच महत्त्व युनिटच्या आकड्याला होते.

‘निवासी’ हा शब्द मला आधी मजेशीर वाटला. शिकणाऱ्याला निवासी का म्हणावे? तर तो खरोखरच तिथे राहतो म्हणून. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तिथे विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने ही पद्धत बसवली. शिकणाऱ्याने रुग्णालयातच राहायचे आणि वर्षागणिक जबाबदारी वाढवत न्यायची. आपल्याकडे पूर्वी याच पायऱ्यांना हाऊसमन आणि रजिस्ट्रार म्हणत. पहिल्या वर्षाचा निवासी रक्ताचे नमुने, ड्रेसिंग, क्ष-किरणांचे कागद यांच्यामागे धावतो. दुसऱ्या वर्षाचा शस्त्रक्रियेत साहाय्य करतो. तिसऱ्या वर्षाच्या हाती शस्त्र येते, पण समोर शिक्षक उभा असतो. पहिल्या वर्षाचा जो मुलगा त्या रात्री नानांच्या नाकातून नळी घालत होता, तो वयाने माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा असेल. पहाटे तो वॉर्डातल्या बाकावर बसल्या बसल्या झोपलेला दिसला. हातात पेन तसेच होते.

शस्त्रक्रिया दोन तास चालली. आत काय झाले ते दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने मला समजावून सांगितले. सुरुवातीपूर्वी नाव, बाजू, शस्त्रक्रियेचा प्रकार मोठ्याने म्हणतात. शेवटी कापडाचे तुकडे आणि सुया मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये अशी १९ बाबींची यादीच केली आहे. आतडे मोकळे केल्यावर ते कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळतात आणि थांबतात. रंग परत आला, हालचाल दिसली, तर कापायचे कारण नाही. नानांच्या आतड्याचा रंग परत आला. मला वाटते, शिकणाऱ्या हाताला चिरणे लवकर येत असेल. थांबणे उशिरा येत असेल. त्यासाठीच समोर कुणीतरी उभे लागते.

पण बोलता बोलता हेही कळले, की टाके तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने घातले. काकूंचा चेहरा उतरला. “म्हंजी शिकणाऱ्या पोरानं केलं व्हय?” वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरांनी हे ऐकले. सलाईनची बाटली बदलता बदलता त्या म्हणाल्या, “शिकणाऱ्यानं केलं, बाई, पण शिकवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत.” काकूंचे समाधान झाले की नाही, सांगता येत नाही. माझ्या मनात मात्र तो प्रश्न घर करून राहिला.

सकाळी राऊंड येई. पुढे सर, मागे उतरत्या भाजणीने सगळे बिऱ्हाड. पहिल्या वर्षाचा निवासी रात्रीचा तापाचा, लघवीचा हिशेब घडाघडा सांगे. मग सर वाकून विचारत, “बाबा, वारा सरला का?” पहिल्यांदा मला हसू आवरेना. दहाबारा शिकलेली माणसे एका हमालाच्या वाऱ्याकडे डोळे लावून उभी! पण आतडे पुन्हा चालू लागल्याची ती पहिली खूण असते. तिसऱ्या दिवशी नाना लाजत “व्हय” म्हणाले, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही आनंद झाला.

राऊंडनंतर विद्यार्थी येत. एक जण सगळी हकीकत विचारी : गाठ केव्हापासून, खोकला आहे का, शौचाला जोर करावा लागतो का, लघवीला अडखळते का. तो गेला की दुसरा. मग सहा जण मिळून पोट चाचपणार. चौथ्या दिवशी नाना भडकले. “माझं प्वाट म्हंजी काय झेडपीच्या शाळेचा फळा हाय का? येतो त्यो गिरवून जातो!”

मुले गप्प झाली. त्यांच्यासोबतच्या सहायक प्राध्यापकांनी नानांना हात जोडले नाहीत, की रागावलेही नाहीत. मुलांकडे वळून ते म्हणाले, “आधी विचारायचं, मग हात लावायचा. रुग्णाच्या उजव्या बाजूला उभं राहायचं. आणि तळवे एकमेकांवर चोळून गरम करायचे.” मग नानांना विचारले, “बाबा, एकट्यानं तपासलं तर चालेल का? बाकीचे बघतील.” नानांनी क्षणभर विचार केला आणि पांघरूण स्वतःच बाजूला केले.

त्यानंतर एक गंमत झाली. सहाव्या दिवशी एक बुजरी मुलगी हकीकत लिहून घेत होती. सगळे विचारून तिने वही मिटली. नाना म्हणाले, “बाई, वझं उचलतो का ते इच्यारायचं ऱ्हायलं की!” ती ओशाळली, तिने वही उघडली आणि तो प्रश्न विचारला. मुख्य प्रश्न तोच होता. तीस वर्षांच्या पोत्यांनीच गाठीला हातभार लावला होता. त्या दिवसापासून नाना फळा राहिले नाहीत; मास्तर झाले. कुणाचे हात गार, कुणी घाई करतो, याचे गुण ते मनातल्या मनात देत असत आणि संध्याकाळी मला सांगत.

मात्र एवढ्यावर मन निवत नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत, त्याचे पोट कुणी सहा वेळा चाचपत नाही. शिकवण्याचा भार ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही, त्यांच्याच अंगावर पडतो. एम. एस.च्या परीक्षेतही रुग्णच समोर ठेवतात. आपली उत्तरपत्रिका कण्हत नाही, त्यांची कण्हते. आणि तरीही याला दुसरा मार्ग मला दिसत नाही. शस्त्रक्रिया पुस्तकातून येत नाही. खासगी रुग्णालयात बसलेल्या नामांकित शल्यविशारदाचा हातसुद्धा कधीकाळी कुठल्यातरी सरकारी वॉर्डात, कुठल्यातरी नानाच्या पोटावर बसलेला असतो. म्हणजे श्रीमंताच्या बऱ्या होण्यातही गरिबाचे देणे असते, फक्त त्याची पावती कुणी फाडत नाही. नानांना त्या बदल्यात मिळाले ते जागते डोळे : एकाच्या नजरेतून सुटले तर दुसऱ्याच्या नजरेत येईल, अशी उतरंड. ते कमी नाही. पण त्याने देणे फिटत नाही. आधी विचारणे आणि तळवे गरम करणे, हे त्या देण्यावरचे व्याज आहे. मुद्दल बाकीच राहते.

हे मी आपल्या नियतकालिकात का लिहितो? कारण आपणही दरवर्षी प्रकल्पासाठी प्रश्नावल्या घेऊन वस्त्यांत जातो. उत्पन्न किती, मुले किती, दारू पिता का, असे उंबऱ्यात उभे राहून विचारतो, आकडे भरतो आणि गुण मिळवतो. समाजशास्त्राच्या वर्गातही कुणीतरी माणूस फळा होऊन उभा असतोच. पुढच्या वेळी वही उघडण्यापूर्वी आपणही तळवे चोळून घ्यावेत. आणि शेवटी एवढे विचारावे, “आमचं काही विचारायचं राहिलं का?” कोण जाणे, मुख्य प्रश्न तोच असेल.